खोक्यातला पॅटन आणि खेमकरणचा पॅटन

#थ्रेड #रणगाडे #१९६५

असल उत्तरच्या लढाईचा देखावा उभारू पाहणारा नवखा मॉडेलकार बहुधा तामियाचे १/३५ प्रमाणातील एम-४८ए३ चे किट घेतो. खोक्यावर ‘पॅटन’ हे नाव असते, भाग चपखल बसतात, वर पाकिस्तानी खुणा चढतात. मॉडेल देखणे होते. मात्र ते त्या रणांगणावर कधीच न उतरलेल्या रणगाड्याचे असते.

एम-४८ए३ हा डिझेल इंजिनाचा पॅटन. अमेरिकेने तो व्हिएतनाममध्ये वापरला आणि किटही त्याच युद्धाच्या आठवणीतून घडले आहे. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणकडून पुढे सरकलेले एम-४७ आणि एम-४८ पेट्रोलवर चालणारे होते. अमेरिकेने पाकिस्तानला १९५४ च्या करारानंतर पुरवलेले हे रणगाडे त्याआधीच्या पिढीचे.

फरक मागच्या बाजूला उघड दिसतो. एम-४८ए३ च्या पाठीमागे झडपांची दोन मोठी दारे असतात आणि पट्ट्यांवरच्या मडगार्डवर हवा गाळणाऱ्या यंत्रांच्या ठसठशीत पेट्या. सुरुवातीच्या एम-४८ वर त्या पेट्या नाहीत. इंजिनाचे आच्छादन सपाट असून त्यावर जाळ्यांच्या रांगा आहेत. ही केवळ दिसण्यातली बाब नव्हे. पेट्रोलवरचा एम-४८ एका टाकीत जेमतेम ११० किलोमीटर जाई; डिझेलने तो पल्ला चौपटीच्या आसपास नेला. पाठीमागची दारे बदलली की चढाई करणाऱ्या सैन्याची मर्यादाच मॉडेलवरून पुसली जाते.

एम-४७ तर वेगळेच यंत्र आहे. त्याच्या धडाच्या पुढच्या भागात मशीनगन आणि ती चालवणारा पाचवा सैनिक असे. एम-४८ मध्ये चौघेच. बातम्यांत दोघांनाही ‘पॅटन’ म्हटल्याने घोटाळा वाढला.

दुरुस्तीच्या वेडाला ‘रिव्हेट मोजणे’ म्हणून हिणवले जाते, आणि पुष्कळदा ते योग्यही असते. १/३५ प्रमाणात मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले साडेतीन सेंटिमीटर. हे प्रमाणही लष्करी शास्त्रातून आलेले नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी तामियाच्या पँथरमध्ये मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात, एवढ्या हिशेबावर ते ठरले. अशा मापात एखाद्या बोल्टच्या जागेवरून रात्री जागवणे हा निव्वळ हट्ट ठरतो. मात्र पाटीवर ‘खेमकरण, १९६५’ लिहिले की ते विधान होते, आणि विधानाला पुरावा लागतो. हौसेखातर जसे आहे तसे जोडावे, हा युक्तिवाद पाटी नसलेल्या मॉडेलपुरताच टिकतो.

पुरावा कुठला, हा अवघड प्रश्न. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये पॅटन जवळून पाहता येतो, आणि महाराष्ट्रातल्या मॉडेलकारांनी तिथे मोजपट्टी घेऊन न जाणे हा आळस आहे. पण प्रदर्शनातला रणगाडा कितीदा तरी रंगवलेला असतो आणि त्याची बाहेरची अवजारे हरवलेली असतात. धडाची मापे तिथून घ्यावीत. रंग आणि खुणा मात्र युद्धकाळातल्या छायाचित्रांवरूनच. पकडलेल्या रणगाड्यांचे भिखीविंडजवळ ‘पॅटन नगर’ उभे राहिले होते. तिथली छायाचित्रे या कामी मोलाची आहेत.

चिखलाचेही तसेच. किटच्या चित्रांवरून प्रेरित मॉडेलांवर व्हिएतनामची तांबडी माती चढते. खेमकरणच्या परिसरात भारतीय सैन्याने पाणी सोडून उसाची शेते दलदल केली होती आणि पॅटन त्यात रुतले. तो पंजाबचा करडा-तपकिरी, ओला गाळ. तो पट्ट्यांवर आणि चाकांमध्ये साचलेला दिसायला हवा. या लढाईत फोर ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद जीपवरच्या १०६ मिमी रिकॉइललेस तोफेने लढले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. देखाव्यात ती जीप असेल, तर तिच्यासमोरचा रणगाडा तरी खरा असावा.

काम अशक्य नाही. पेट्या कापून काढाव्यात, मागची दारे बुजवावीत, प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर जाळ्यांची नवी रांग बसवावी. यासाठी दोन-तीन रविवार लागतात. एम-४७ हवा असेल, तर त्याचे वेगळे किटच घ्यावे. एम-४८ ला तासून तो होत नाही.