विश्लेषण : नफा एक, दावेदार अनेक... अमेरिकेतील राज्ये कंपन्यांचा कर कसा वाटून घेतात?

पुण्यात तयार झालेला माल लखनऊत विकला गेला, तरी त्या नफ्यावरील आयकरासाठी महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश यांच्यात वाद होत नाही. कर केंद्र सरकार वसूल करते आणि वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार राज्यांना त्यातील वाटा मिळतो. अमेरिकेत मात्र केंद्राच्या २१ टक्के कराशिवाय बहुतेक राज्ये कंपन्यांच्या नफ्यावर स्वतःचाही कर लावतात. नॉर्थ कॅरोलिनात २०२५ साठी हा दर २.२५ टक्के होता, तर न्यू जर्सीत बड्या कंपन्यांसाठी तो ११.५ टक्क्यांपर्यंत जातो. साउथ डकोटा आणि वायोमिंगमध्ये असा करच नाही. मग दहा-बारा राज्यांत पसरलेल्या कंपनीचा नफा नेमका कुठे झाला, हे ठरवायचे कसे?

तीन घटकांचे सूत्र काय आहे?

१९५७ मध्ये तयार झालेल्या एका नमुना कायद्याने याचे उत्तर दिले. कंपनीची मालमत्ता, पगार आणि विक्री या तिन्हींतील किती टक्के हिस्सा राज्यात आहे ते पाहायचे, सरासरी काढायची आणि तेवढ्या नफ्यावर कर लावायचा.

समजा, एका कंपनीची ८० टक्के मालमत्ता, ७० टक्के पगार आणि ३० टक्के विक्री ‘अ’ राज्यात आहे. बाकी सगळे ‘ब’मध्ये. ‘अ’ला ६० टक्के नफ्यावर कर मिळेल, ‘ब’ला ४० टक्क्यांवर. बेरीज १००. हिशेब चोख.

मग बिघडले कुठे?

सूत्र पाळण्याची सक्ती कुणावरच नाही, इथे. ‘ब’ने उद्या ठरवले की फक्त विक्रीच मोजायची, तर ते ७० टक्के नफ्यावर हक्क सांगेल. ‘अ’चे ६० टक्के कायम. म्हणजे १०० रुपयांच्या नफ्यावर १३० रुपयांचा दावा! उलट ‘अ’ने विक्रीचे सूत्र घेतले आणि ‘ब’ जुन्यावरच राहिले, तर ३० आणि ४० मिळून ७०. उरलेल्या ३० रुपयांवर राज्याचा कर कुठेच नाही.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. पशुखाद्य बनवणाऱ्या इलिनॉयमधील मूरमन कंपनीने नेमकी हीच तक्रार केली होती. इलिनॉयमध्ये तीन घटक, शेजारच्या आयोवात फक्त विक्री. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आयोवाच्या बाजूने निकाल दिला. देशभर एकच सूत्र हवे असेल, तर ते ठरवणे काँग्रेसचे काम आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. काँग्रेसने ते आजवर केलेले नाही.

विक्रीच का मोजायची?

कारण सरळ आहे. पगार आणि मालमत्ता मोजली, तर राज्यात कारखाना काढणाऱ्यावरच कराचा बोजा वाढतो. फक्त विक्री मोजली, तर इथे माल बनवून बाहेर विकणारा सुटतो आणि बाहेरून येऊन विकणारा सापडतो. त्यामुळे एकामागून एक राज्ये तिकडे वळली. कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये मतदारांनीच कौल दिला आणि २०१३ पासून बहुतेक कंपन्यांना हे सूत्र बंधनकारक झाले.

गुंतवणूक खेचण्याचा उपाय म्हणून ही सवलत खपवली जाते. पण सगळ्यांनीच ती दिली की कुणाचाच वरचष्मा उरत नाही. शिवाय एकाच राज्यात बनवून तिथेच विकणाऱ्या लहान कंपनीला यातून काहीच मिळत नाही. कोणतेही सूत्र लावा, तिचा १०० टक्के नफा तिथेच करपात्र. करसल्लागारांची फौज बाळगणाऱ्यांना मात्र सूत्रांमधल्या फटी दिसतात. काही राज्यांनी उपाय म्हणून ‘थ्रोबॅक’ नियम आणला आहे : ज्या राज्यात कंपनीवर कर लागूच शकत नाही, तिथली विक्री माल पाठवणाऱ्या राज्याच्या खात्यात मोजायची.

भारताचा संबंध काय?

एप्रिल २०१९ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परदेशी कंपन्यांचा भारतातील नफा ठरवण्यासाठी एक अहवाल हरकतींसाठी खुला केला. त्यातही विक्री, मनुष्यबळ आणि मालमत्ता हेच तीन घटक होते. डिजिटल कंपन्यांसाठी वापरकर्ते हा चौथा. तो नियम म्हणून लागू झाला नाही. पण ग्राहक भारतात आणि कार्यालय परदेशात असलेल्या कंपन्या वाढत असताना हा प्रश्न पुन्हा टेबलावर येणार, आणि तेव्हा समोर आयोवा-इलिनॉय नव्हे, तर दोन देश असतील. त्यांच्यात निवाडा करणारे सर्वोच्च न्यायालय नाही.