गोरख चिंच: स्वर्गातून की समुद्रावरून?



दर दोन-चार महिन्यांनी एक निरोप फिरत फिरत माझ्याकडे येतो. उत्तर प्रदेशात बाराबंकी जिल्ह्यात किंतूर गावी महाभारतकालीन पारिजात आहे, पाच हजार वर्षांचा, जगात एकमेव. कुंतीला शिवपूजेसाठी फुलं हवी होती, म्हणून अर्जुनाने तो स्वर्गातून आणला. खाली हात जोडलेले, आणि "सर्वांना पाठवा".

आधी झाडाबद्दल. हा पारिजात म्हणजे आपल्या अंगणातला प्राजक्त नव्हे. तो बाओबाब, म्हणजे आपली गोरख चिंच. अवाढव्य खोड, हाताच्या पंज्यासारखं पान, संध्याकाळी उमलणारं मोठं पांढरं फूल आणि आत आंबट गर असलेलं फळ. त्या आंबटपणावरून 'चिंच'. गोरखनाथांनी याखाली बसून शिष्यांना उपदेश केला, म्हणून 'गोरख', असं सांगतात.

हे झाड मूळचं आफ्रिकेतलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात भारतातल्या झाडांचं नातं आफ्रिकेशी जुळलं, आणि ती एकदाच नव्हे तर वेगवेगळ्या वेळी आली असावीत असं दिसलं. वयाचं म्हणाल, तर ज्यांचं वय शास्त्रीय पद्धतीने काढलंय त्या बाओबाबांपैकी अगदी जुनं, झिंबाब्वेतलं पांके, २०११ मध्ये मेलं तेव्हा सुमारे २,४५० वर्षांचं होतं. तेव्हा पाच हजार विसरा. आणि एकमेव? वसईत आहेत, मुंबईत आहेत, सावनूरला आहेत, गोवळकोंड्याला आहे. आम्ही ओमानवाले खरीफमध्ये सलालाला जातो, तिथून मिरबातच्या बाजूला वादी हिन्नात चक्क बाओबाबांची राई आहे.

"असू दे की, कोणाचं काय बिघडतं?" असं कोणी म्हणेल. बिघडतं! एक झाड स्वर्गातलं ठरलं की बाकीची 'कुठली तरी परदेशी झाडं' ठरतात. किंतूरच्या झाडाला कुंपण आणि नवस. सांताक्रूझचं जुनं गोरख चिंचेचं झाड मात्र २०२३ मध्ये मेट्रोच्या कामात तोडलं गेलं. लोकांनी विरोध केला, पण त्याला वाचवायला कुंती नव्हती.

तरीही दंतकथेला थोतांड म्हणून मोडीत काढणाऱ्यांशीही माझं पटत नाही. गोष्ट नीट ऐका. ती काय सांगते? झाड इथलं नाही, कोणीतरी ते लांबून आणलं. हे तर खरंच आहे! आजूबाजूच्या आंबा-वडा-पिंपळात हे कुठेच बसत नाही, हे त्या गावकऱ्यांना दिसत होतंच. आफ्रिका त्यांना माहीत नव्हती, स्वर्ग माहीत होता. आफ्रिकेत म्हणे देवाने रागावून ते उलटं रोवलं. आपल्याकडे फिरत्या झाडाला फिरत्या जोग्याचं नाव मिळालं. मला तर हे फार आवडतं. व्हिसा नाही, कागदपत्रं नाहीत, कोणी "तू मूळचा कुठला?" म्हणून टोकलं नाही. नाव दिलं, गोष्ट दिली आणि घरचं करून टाकलं. परक्या देशात वर्षानुवर्षं काढणाऱ्या आपल्यासारख्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

म्हणून माझं मत असं, की मुलांना दोन्ही सांगा. अर्जुनाची गोष्ट गोष्ट म्हणून, रंगवून सांगा. आणि मग समुद्रावरून आलेल्या बियांची हकीकतही सांगा. दुसरी ऐकली म्हणून पहिलीची गोडी कमी होत नाही. फक्त पहिलीला इतिहास म्हणून पुढे ढकलू नका. पुढच्या सुट्टीत देशात गेलात आणि वसईला जाणं झालं, तर किल्ल्याबरोबर तिथली गोरख चिंचही बघून या. नवस बोलायची गरज नाही. ती तोडायला कोणी आलं तर चार माणसं आडवी येतील, एवढं झालं तरी पुष्कळ.

असो. पटलं नाही तर जरूर भांडा.