गौण पात्राचे कर्तृत्व : 'हायडी'मधील क्लारा

कथात्म साहित्याच्या विवेचनात बालपात्रे, त्यातही गौण बालपात्रे, 'नायिकेला उठाव देणारी' म्हणून निकालात काढली जातात. ही दृष्टी किती अपुरी आहे, हे इसाओ ताकाहाता यांनी दिग्दर्शित केलेल्या 'आल्प्सची मुलगी हायडी' (१९७४) या ५२ भागांच्या जपानी अॅनिमेशन मालिकेतील क्लारा दाखवून देते.

योहाना स्पिरी यांच्या मूळ कादंबरीच्या उत्तरार्धात (१८८१) पीटर मत्सरापोटी क्लाराची चाकांची खुर्ची डोंगरावरून ढकलून देतो. वाइटातूनही चांगले घडविणारा ईश्वर, हा त्या प्रसंगाचा आशय ठरतो. मालिकेत पीटरचा हा अपराध नाही. चालण्याच्या सरावाला कंटाळलेली क्लारा स्वतःच खुर्चीकडे परत वळते आणि तिच्याच हातून ती घरंगळून मोडते. कादंबरीत क्लारावर प्रसंग ओढवतो. येथे मोह आणि पश्चात्ताप दोन्ही तिचेच आहेत. बदल एका घटनेचा. परंतु त्यामुळे हे पात्र कृपेचा विषय न राहता कृतीचे केंद्र होते.

बरे होणे म्हणजेच पूर्ण होणे, हे गृहीतक मात्र दोन्ही कृतींत कायम आहे. अपंग पात्राचा विचार करताना ते नजरेआड करता येणार नाही. तथापि पात्राचे महत्त्व त्याने व्यापलेल्या पृष्ठांवरून नव्हे, तर निर्णायक क्षणी निवड कोणाची आहे, यावरून ठरवावयास हवे. रूपांतराच्या अभ्यासकाने मूलनिष्ठेच्या प्रश्नाआधी हा प्रश्न विचारला पाहिजे.