टाके निघाले, गुडघा राहिला
राज्यातल्या कितीतरी फिजिओथेरपी कॉलेजांच्या पदव्या आपल्या म्हसरूळहून, आरोग्य विज्ञान विद्यापीठातून निघतात. तरी मुंबई-आग्रा महामार्गावर गाडी ठोकून मांडीचं हाड मोडलेला नाशिककर रॉड बसला, टाके निघाले की स्वतःला बरा समजतो. खुर्चीत नीट बसायला गुडघा ९० अंश वाकावा लागतो, मांडी घालायला त्याहून बराच जास्त. पहिले आठवडे अंग चोरण्यात गेले तर तो आखडतो, आणि मग वाकवताना डोळ्यांत पाणी येतं. घरचे मात्र ‘पडून राहा’ म्हणत डिंकाचे लाडू भरवतात. (लाडू खावेत, हरकत नाही.) फिजिओथेरपीचा खर्च बहुधा खिशातूनच जातो, पावत्या जपा, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे पुढच्या उपचारांचे पैसेही मागता येतात.