तहान कुणाची मोजली?

गंगापूर धरण १९६५ साली पुरं झालं. गोदावरी अडली. सातपूर, मग अंबड — एमआयडीसी वाढत गेली. रस्ता, वीज, पाणी सगळं नकाशात आखून. नकाशात एकच माणूस नव्हता : पाळीवर जाणारा. त्यानं नाल्याकाठी पत्रा ठोकला. मग साहेब म्हणाले, बेकायदा!

वा रे कायदा. त्याच्या हातानं माल निघतो तो कायदेशीर. त्याची बायको हंडा घेऊन रांगेत उभी, ती बेकायदा.

२००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याचं पाणी पहिलं, कारखाना दुसरा, शेती तिसरी. २०११ ला शेती वर आली, कारखाना खाली. तहान दोन्ही वेळी पहिलीच. पण कुणाची? ज्याच्या दारात नळ, त्याची!

कागदावरचं पाणी आम्हाला नवं नाय, दोस्तांनो. १९२३ ला बोले ठराव मुंबईच्या कौन्सिलात पास झाला. सार्वजनिक पाणवठे खुले. तरी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि डोकी फुटली ती वेगळीच. (काळारामाचं दार तर सोडाच.)

१५ डिसेंबर २०१४ ला मुंबई हायकोर्टानं तिथल्या बेकायदा झोपड्यांनाही पाणी द्यायला सांगितलं. ते नाशकात कुणी वाचलं का?

कारखान्याला किती पाणी जातं ते मीटर सांगतं. कंत्राटी कामगाराच्या वस्तीत दर माणशी किती लिटर पोचतं, ते महापालिकेनं वस्तीवार छापावं. मग नव्या प्लॉटांचं बोला.