पिस्टन, पुंगळी आणि काका

‘मॅडम, टॅपेट वाजतंय तुमचं!’

फडके हौदाच्या चौकात शेजारी थांबलेल्या एका बुलेटवाल्याने परवा मला हा फुकटचा सल्ला दिला. मी गोड हसले. भाऊ, या गाडीला टॅपेटच नाहीये. फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्हच नाहीत, तर टॅपेट कुठून येणार? टू-स्ट्रोक आहे ती!

तर मंडळी, गाडी म्हणजे यामाहा आरएक्स १००. मॉडेल १९९१ चं, म्हणजे माझ्यापेक्षा चांगली सहा-सात वर्षांनी मोठी. मूळ मालक माझे काका. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना किक मारायची बंदी झाली आणि चावी माझ्याकडे आली. सोबत एक अटही आली, ‘इंजिनला हात लावायचा नाही. म्हणजे लावायचा, पण मला विचारून.’

आमचं घर कसबा पेठेत, तांबट आळीच्या अगदी तोंडाशी. तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम करणाऱ्या हातोड्यांचा आवाज ऐकत काका मोठे झाले. त्यामुळे असेल, पण त्यांचा कान भयानक तिखट आहे. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत चहा पिता पिता, खाली मी किक मारली की ते सांगतात, ‘आज जरा कोरडी वाजतेय.’ मला मात्र रोज सारखंच टिंग-टिंग-टिंग ऐकू येतं.

दर रविवारी पोह्यांबरोबर आमच्याकडे एक वाद ठरलेला. समोर माझा चुलतभाऊ, म्हणजे काकांचाच मुलगा. त्याच्याकडे चाकणला बनलेली ३९० ड्यूक. त्याचं म्हणणं, ‘९८ सीसीचं खेळणं आहे ते. काय पळणार?’ आता आकडे बघू या. आरएक्सची पॉवर साधारण ११ हॉर्सपॉवर आणि वजन १०० किलोच्या आसपास. २००१ मध्ये ज्या पल्सर १५० ने अख्ख्या पुण्याला वेड लावलं, तिची पॉवर होती १२ आणि वजन पंचवीस-तीस किलोने जास्त. दीडपट मोठ्या इंजिनातून एकच हॉर्सपॉवर जास्त! कारण सोपं आहे. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँक दोनदा फिरतो तेव्हा एकदा स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला. म्हणून सिग्नल सुटला की पहिले शंभर फूट आरएक्सचे. पुढचं सगळं ड्यूकचं, हे मीही मान्य करते. (काका करत नाहीत.)

पण या फंड्याची किंमतही आहे. टू-स्ट्रोकमध्ये जळलेला धूर बाहेर जायचं दार आणि ताजं मिश्रण आत यायचं दार काही काळ एकदमच उघडं असतं. म्हणजे थोडं पेट्रोल न जळताच बाहेर. शिवाय पेट्रोलबरोबर ऑईल जळतं, तो निळसर धूर वेगळाच. १९९६ मध्ये प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि त्याच वर्षी आरएक्स १०० बंद झाली. इथे भाऊ जिंकतो आणि दुसऱ्यांदा पोहे घेतो.

आता खरी गोष्ट. मागच्या डिसेंबरमध्ये मी पहाटे सिंहगडावर गेले होते. उतरताना थंडी मस्त, रस्ता रिकामा. थ्रॉटल मिटलेलं, गाडी तिसऱ्या गिअरवर आपोआप उतरतेय... आणि अचानक मागचं चाक जॅम! गाडी फरफटली. काय सुचलं देव जाणे, क्लच दाबला गेला, चाक सुटलं आणि मी कडेच्या मातीत जाऊन थांबले. पुढच्याच वळणावर हे झालं असतं तर हा कॉलम दुसऱ्या कुणाला तरी लिहावा लागला असता. इंजिन सीझ. किक दगडासारखी. गाडी छोट्या हत्तीत घालून घरी आणली.

काका खाली आले. एक एक पायरी उतरत, कठड्याला धरून. पाच मिनिटं गाडीपाशी वाकून बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘ऑईल पंप कुणी काढला?’

मला माहीतच नव्हतं! या गाडीला ऑईलची वेगळी टाकी असते आणि छोटासा पंप ते ऑईल इंजिनला पुरवतो. दोन महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला दिली होती, तेव्हा तिथल्या पोराने पंप बायपास केला आणि मला सांगितलं, ‘ताई, आता डायरेक्ट टाकीत ऑईल टाकायचं, लिटरला ३०-४० मिली. टेन्शन नाही.’ मला वाटलं, ही काहीतरी नवी पद्धत असेल. मी मापाने टाकतही होते. पण गंमत अशी आहे की पंप इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे थ्रॉटल मिटलं तरी थोडं ऑईल येत राहतं. पेट्रोलमध्येच ऑईल मिसळलं की पेट्रोल बंद म्हणजे ऑईलही बंद. लांब उतारावर इंजिन फिरतंय जोरात, आणि आत कोरडं ठक्क.

‘आज जरा कोरडी वाजतेय.’ दोन महिने काका हेच तर सांगत होते आणि मी हेल्मेट चढवून निघून जात होते.

पिस्टनवर ओरखडे, सिलिंडरवरही. असं झालं की सिलिंडर घासून थोडा मोठा करतात, म्हणजे बोअर मारतात, आणि त्या मापाचा मोठा पिस्टन टाकतात. पाव मिलिमीटर, अर्धा, पाऊण, एक. आमचा सिलिंडर आधीच पाऊणवर होता. म्हणजे उरली एक संधी. ती गेली की नवीन लायनर बसवायचा किंवा जुन्या बाजारात बुधवार-रविवार दुसरा सिलिंडर शोधत फिरायचं. भाऊ म्हणाला, ‘विकून टाक, आत्ता कलेक्टर लोक वेड्यासारखे पैसे देतात.’ काका काहीच बोलले नाहीत. तेच जास्त जड गेलं.

मग मी नाना पेठ पालथी घातली. चकचकीत पिस्टन तर दहा दुकानांत मिळतात. खऱ्या खोक्यात खोटा माल कुठला आणि चांगला कुठला, हे ओळखायला अनुभव लागतो. शेवटी काकांना रिक्षात घालूनच घेऊन गेले. त्यांनी तिसऱ्या दुकानात रिंग हातात घेऊन बोटांनी दाबून बघितली आणि मान हलवली. पंप परत बसवला. कार्ब्युरेटरमधला मेन जेट एक नंबरने मोठा केला, कारण आता पंपावर मिळतं ते २० टक्के एथेनॉलचं पेट्रोल. एथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. शिवाय एथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुनी रबरं खराब करतं. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत चालू ठेवायची, हे आता मला झोपेतही सांगता येईल.

नव्या मेकॅनिकने जाता जाता विचारलंच, ‘पुंगळी काढू का? आवाज एकदम सही येईल.’ नको रे बाबा! एक तर दंडाची पावती. दुसरं म्हणजे, सायलेन्सरच्या आकारामुळे धुराची एक लाट उलटी फिरून येते आणि बाहेर निसटणारं ताजं मिश्रण पुन्हा आत ढकलते. पुंगळी काढली की ते गणित बिघडतं. आवाज वाढतो, आणि तेवढ्यावरच पोरं खूश.

सध्या रनिंग-इन चालू आहे. पहिले ५०० किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही. लाल महालापासून घरापर्यंत मला परवा एका इलेक्ट्रिक स्कूटरवरच्या आजोबांनी ओव्हरटेक केलं, शांतपणे, इंडिकेटर देऊन. घाईत असले की मेट्रोने जाते, कसबा पेठ स्टेशन २०२४ पासून पायाखालीच आहे.

काल सकाळी किक मारली. वर बघितलं. काका गॅलरीत, हातात कप.

‘कशी वाजतेय?’

‘१२० किलोमीटर झाले ना? ३०० झाल्यावर विचार.’