तिकिटावर सुलतान नको, हरकारा हवा

अलाहाबाद ते नैनी हे हवाई अंतर जेमतेम दहा किलोमीटर. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे यमुनेपलीकडे नेली. जगातली पहिली अधिकृत हवाई डाक ती हीच. तिच्या पन्नाशीला १९६१ मध्ये आणि शताब्दीला २०११ मध्ये आपल्या टपाल खात्याने तिकिटे काढली. काढायलाच हवी होती. असाच मान दिल्ली–दौलताबाद मार्गालाही मिळावा, असे मला वाटते.

या मार्गाचे नाव निघाले की आपल्याला फक्त मुहम्मद तुघलकाची राजधानी हलवण्याची लहर आठवते. त्यात लोकांचे अतोनात हाल झाले, याबद्दल वाद नाही. पण त्याच सुलतानाच्या काळात आलेल्या इब्न बतूताने इथल्या डाकेचे वर्णन करून ठेवले आहे. मैलाचे तीन टप्पे, प्रत्येक टप्प्यावर कंबर कसून बसलेले हरकारे. एका हातात पत्र, दुसऱ्या हातात तांब्याच्या घुंगरांची काठी. घुंगरू ऐकू आले की पुढचा गडी तयार. ही पायडाक घोड्यांच्या डाकेपेक्षा वेगवान होती, असे तो लिहितो. सिंधहून दिल्लीला पोचायला पन्नास दिवस लागत. बातमी पाच दिवसांत जाई. सुलतान दौलताबादेत असला की त्याच्या पिण्यासाठी गंगेचे पाणी चाळीस दिवसांच्या वाटेवरून याच डाकेने येई. (हे वाचून दोन्हीकडचे कट्टर जरा गोंधळतील.)

शेरशहा सुरीवर १९७० मध्ये तिकीट निघाले. बादशहांची तिकिटे निघतातच. १९३७ च्या सहाव्या जॉर्जच्या मालिकेत मात्र दोन आण्यांच्या तिकिटावर डाक हरकारा आला. पुढच्या किमतींवर बैलगाडी, टांगा, उंट, आगगाडी, आगबोट, लॉरी आणि विमान. विमानाला बारा आणे, धावणाऱ्याला दोन! राजाचा चेहरा अर्थात सगळ्यांवर होता.

दौलताबादच्या तिकिटावर कोणाचाच राजमुखवटा नको. घुंगरांची काठी घेऊन धावणारा माणूस आणि मागे किल्ला, एवढे पुरे. तो हिंदू होता की मुसलमान, हे कोणी लिहून ठेवलेले नाही, आणि तिकिटावर ते लिहावेही लागणार नाही.

नव्या तिकिटाचा प्रस्ताव कोणीही नागरिक टपाल खात्याकडे पाठवू शकतो. आपल्या संस्था नवाब आणि शायरांसाठी अर्ज करतात. एक अर्ज या हरकाऱ्यासाठी करावा, आणि सोबत इब्न बतूताचे ते पान जोडावे.